वारा, वीज आणि सातबारा

साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघरचा धबधबा पाहण्यास जाणारी मंडळी बहुधा पुढे चाळकेवाडीच्या पठारापर्यंत जाऊन येतात. तेथे पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा उभ्या आहेत. लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतात, वाऱ्याने टोपी उडाली म्हणून हसतात आणि परत फिरतात. वाऱ्याने पाती फिरतात व त्यातून वीज तयार होते, एवढे शाळेतल्या मुलालाही सांगता येते. पण ती किती तयार होते, ती कोणाच्या मालकीची असते, आणि ज्याच्या जमिनीत हा मनोरा उभा आहे त्याच्या पदरात काय पडते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी अनेकांची मुळे सातारा, सांगली, धुळे, नगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील गावांत आहेत. म्हणून या स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतील कारकून. तेव्हा यंत्राचा भाग साध्या शब्दांत आणि पैशाचा भाग थोडा सविस्तर, अशी मांडणी वाचकांनी चालवून घ्यावी.

प्रथम यंत्राकडे वळू. पवनचक्कीची तीन पाती काचतंतू आणि रेझिन यांपासून बनवलेली असतात. दुरून ती सपाट फळीसारखी दिसली, तरी त्यांचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. वारा त्यांच्यावरून वाहताना एका बाजूला दाब कमी होतो व पाते त्या बाजूला ओढले जाते. ही पाती मिनिटाला साधारण पंधरा-वीस फेरे घेतात. वीज निर्माण करणाऱ्या जनित्राला मात्र मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांची गती लागते. म्हणून मनोऱ्याच्या माथ्यावरील पेटीत, पाती आणि जनित्र यांच्यामध्ये, दंतचक्रांचा गिअरबॉक्स असतो. (गिअरबॉक्स नसलेली यंत्रेही आहेत, पण आपल्या पठारांवर बहुतेक गिअरवालीच दिसतील.) वारा कोणत्या दिशेचा आहे हे माथ्यावरचे एक छोटे उपकरण सांगते आणि सगळी पेटी मोटारीच्या साहाय्याने त्या दिशेला तोंड करते. तयार झालेली वीज मनोऱ्यातून केबलने खाली येते, रोहित्रात तिचा दाब वाढवला जातो आणि ती उपकेंद्रामार्फत राज्याच्या वीजजाळ्यात मिसळते. तेथून पुढे ती वीज वाऱ्याची की कोळशाची, हे ओळखण्याचा काही मार्ग नाही. म्हणूनच पवनचक्कीच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत भारनियमन असू शकते. पुष्कळांना याचे आश्चर्य वाटते, परंतु त्यात यंत्राचा दोष नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही, ती आठपट होते. वेगाच्या घनाच्या प्रमाणात शक्ती वाढते. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्याऐवजी ६ मीटरचा वारा मिळाला, तर ऐकायला फरक एका मीटरचा, पण शक्ती सुमारे पाऊणपटीने वाढलेली असते. पवनचक्की कोठे उभारायची हा सगळा खटाटोप या एका नियमापायी आहे. जमिनीलगत झाडे, घरे, टेकाडे वाऱ्याला अडवतात. उंचावर तो मोकळा वाहतो. म्हणून मनोरे उंच होत गेले. पूर्वीचे मनोरे पन्नास-साठ मीटरचे असत, आता नवी यंत्रे १२० ते १४० मीटर उंचीवर बसवली जातात. पात्यांची लांबी वाढली की त्यांच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पातीही लांब झाली. तरीसुद्धा वाऱ्यातील सर्व शक्ती काढून घेता येत नाही. सगळी काढली तर वारा पात्यांमागे थांबून राहील आणि पुढच्या वाऱ्याला जाण्यास वाटच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० च्या सुमारास ही मर्यादा गणिताने दाखवून दिली. ती ५९.३ टक्के आहे.

यंत्राला वाऱ्याची खालची आणि वरची अशा दोन्ही हद्दी असतात. ताशी दहा-बारा किलोमीटरपेक्षा कमी वाऱ्यात वीज तयार होत नाही, आणि ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वारा गेला की पाती आपली धार वाऱ्याला देऊन थांबतात, नाहीतर यंत्र मोडेल. मधल्या काळातही ते पूर्ण क्षमतेने क्वचितच चालते. वर्षभराचा हिशेब केला तर जुन्या यंत्रांची सरासरी क्षमतेच्या वीस टक्क्यांच्या आसपास पडते, चांगल्या जागेवरील नव्या उंच यंत्रांची तीस टक्के किंवा त्याहून जास्त. ३५० किलोवॅटचे एक जुने यंत्र घ्या. वर्षाचे तास ८,७६०. वीस टक्क्यांनी धरले तर वर्षाला ६ लाख १३ हजार युनिट वीज होते. महिन्याला १०० युनिट वापरणारी सुमारे ५१० कुटुंबे त्यावर भागतील. हीच वीज कोळशापासून तयार करायची तर अंदाजे सव्वाचारशे टन कोळसा जाळावा लागेल आणि आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के असल्याने दीडशे टनांच्या आसपास राख मागे उरेल. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या भागांत ज्यांचे नातेवाईक राहतात त्यांना 'स्वच्छ वीज' या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. छपरावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली राख त्यांनी पाहिली आहे.

सह्याद्रीच्या पठारांवरचा वारा मुख्यतः पावसाळी आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्य मोसमी वारे कोकण ओलांडून घाटमाथ्याला धडकतात आणि माथ्यावरून जाताना त्यांचा वेग वाढतो. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि पाटण तालुक्यातील वनकुसवडे ही पठारे समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच असून या वाऱ्याच्या थेट वाटेवर आहेत. तेथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षातील निम्म्याहून अधिक वीज निर्माण होते. वनकुसवड्याच्या पायथ्याशीच कोयनेचा जलाशय आहे, आणि कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वारा जोरात असताना धरणाचे पाणी राखून ठेवावे व वारा पडला की जनित्रातून सोडावे, अशी ही नैसर्गिक जोडी आहे. वारा आपल्या सोयीने वाहत नाही, हा पवनऊर्जेवरील नेहमीचा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तरही अशा जोडीतच आहे.

या विद्येचा इतिहास विद्यार्थ्यांना आवडेल. स्कॉटलंडमधील जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकांनी १८८७ साली मेरीकर्क या गावी आपल्या घरात पवनचक्कीच्या विजेवर दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरील दिव्यांसाठी देऊ केली, तर गावकऱ्यांनी हे सैतानाचे काम आहे म्हणून नाकारली! पुढच्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी १४४ पात्यांची अवाढव्य चक्की उभारली. तिची क्षमता अवघी १२ किलोवॅट होती. पण खरा पाया घातला तो डेन्मार्कमधील पाउल ला कूर यांनी. आस्कोव्ह येथे खेड्यातील तरुण मुलामुलींसाठी लोकशाळा होती, तेथे ते शिक्षक होते. १८९१ पासून त्यांनी शाळेच्या आवारात पवनचक्कीचे प्रयोग केले आणि थोडी पण वेगाने फिरणारी पाती अधिक उपयोगी पडतात हे सिद्ध केले. त्यावरच न थांबता त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना वीजतंत्री बनवण्याचे वर्ग काढले. त्या वर्गातील योहान्नेस यूल या विद्यार्थ्याने पुढे १९५७ मध्ये गेडसर येथे तीन पात्यांचे २०० किलोवॅटचे यंत्र उभारले, आणि आज जगभर दिसणारी पवनचक्की ही त्याच घराण्यातील आहे. म्हणजे या शास्त्राचा उगम मोठ्या कारखान्यात झालेला नाही, तो खेड्यातील शाळेत झालेला आहे. आमच्या मते ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असावयास हवी.

आपल्या देशात १९७३ च्या तेलटंचाईनंतर सरकारचे लक्ष इकडे वळले. १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग आणि १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले. १९८६ मध्ये रत्नागिरी, गुजरातमधील ओखा आणि तामिळनाडूतील तुतिकोरीन या किनारी ठिकाणी डेन्मार्कहून आणलेली ५५ किलोवॅटची लहान यंत्रे बसवण्यात आली. त्यानंतर कन्याकुमारी जिल्ह्यातील मुप्पंदलचा खिंडीतला वारा प्रसिद्धीस आला, आणि महाराष्ट्रात सातारा, सांगलीतील ढालगाव, पारनेरजवळील कवड्या डोंगर, धुळ्यातील ब्राह्मणवेल ही नावे पुढे आली. मार्च २०२५ मध्ये देशाची पवनवीज क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे ५ हजार मेगावॅट आहे. गुजरात आणि तामिळनाडू आपल्या बरेच पुढे आहेत.

आता पैशाचा भाग. वारा फुकट आहे, मग वीज फुकट का नाही, असा प्रश्न आम्हाला सहकारीही विचारतात. कोळशाच्या केंद्रात रोज कोळसा विकत घ्यावा लागतो, म्हणून त्याचा खर्च वर्षानुवर्षे वाटला जातो. पवनचक्कीचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. म्हणजे तिच्या विजेचा भाव वाऱ्याइतकाच कर्जाच्या व्याजावर ठरतो. समजा, एक मेगावॅटच्या यंत्राला ६ कोटी रुपये लागले आणि ते सर्व कर्जाऊ घेतले. नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज ५४ लाख. यंत्र २५ टक्के चालले तर वीज सुमारे २१ लाख ९० हजार युनिट. म्हणजे युनिटमागे नुसते व्याजच २ रुपये ४७ पैसे. व्याजदर सहा टक्के असेल तर ते १ रुपया ६४ पैशांवर येते. आणि जागा वाईट निवडली व यंत्र १५ टक्केच चालले, तर नऊ टक्क्यांच्या कर्जावर हेच व्याज युनिटमागे ४ रुपये ११ पैसे होते. दोन्ही चक्क्या रस्त्यावरून पाहणाऱ्याला सारख्याच दिसतील, फरक खातेवहीत दिसतो.

हे कळल्यावर १९९० च्या दशकात काय झाले ते समजते. त्या काळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा धरण्याची सवलत आयकरात होती. नफ्यात असलेल्या एखाद्या कंपनीने ५ कोटींची चक्की घेतली आणि कराचा दर ४० टक्के असला, तर त्या वर्षीचा २ कोटींचा कर वाचत असे. काटेकोरपणे बोलायचे तर तो कर माफ होत नसे, पुढे ढकलला जात असे. पण बिनव्याजी वापरायला मिळालेल्या दोन कोटींची किंमत काय असते हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. परिणाम असा झाला की ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नाही अशा धंद्यांतील लोकांनी चक्क्या घेतल्या. चक्की उभी राहिली की सवलत पदरात पडे, मग ती किती फिरते याची काळजी करण्याचे फारसे कारण उरत नसे. घसाऱ्याचा दर नंतर ८० टक्क्यांवर आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला. मध्यंतरी २००९ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या दर युनिटला ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजना आली. ती आम्हाला अधिक सयुक्तिक वाटते, कारण तिच्यात पैसा उभ्या लोखंडाला नव्हता, निघालेल्या विजेला होता. २०१७ पासून लिलाव सुरू झाले. पहिल्या लिलावात युनिटचा भाव ३ रुपये ४६ पैसे निघाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातमधील लिलावात तो २ रुपये ४३ पैशांपर्यंत उतरला. पवनवीज महाग असते, हे जुने वाक्य तेव्हापासून मागे पडले.

डेन्मार्कमध्ये याच यंत्रांची मालकी पुष्कळ ठिकाणी वेगळ्या रीतीने वाटली गेली. कोपनहेगन शहरासमोर समुद्रात मिडेलग्रुंडेन येथे २००० साली २० यंत्रे उभी राहिली. त्यातील निम्मी एका सहकारी संस्थेची आहेत, आणि त्या संस्थेचे साडेआठ हजारांहून अधिक सामान्य सभासद होते. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, पतपेढ्या ज्या महाराष्ट्रात गावोगाव निघाल्या, तेथे पठारावरच्या गावकऱ्यांच्या सहकारी पवनचक्कीची प्रथा रुजली नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

विजेचा प्रश्न मालकीचा आणि गरिबाच्या घराचाही आहे, ही जाणीव आपल्याला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय उद्योगधंदे वाढणार नाहीत, आणि उद्योगधंदे वाढल्याशिवाय या देशातील माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, ही मांडणी त्यांनी १९४३ मध्ये धोरण समितीपुढे केली. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले.

आता जमिनीकडे. ज्या माळावर पूर्वी नाचणी किंवा वरीचे पीक जेमतेम येत असे, त्याच माळावर वारा चांगला असतो. त्यामुळे चक्क्यांसाठी मागणी आली ती बहुधा अशा मुरमाड, पडीक समजल्या जाणाऱ्या जमिनींना. मालकाच्या दृष्टीने ती जमीन निरुपयोगी होती, म्हणून मिळेल त्या भावात एकरकमी विकून तो मोकळा होई. पण खरेदी करणाऱ्याला तेथील माती नको होती, वारा हवा होता, आणि वारा वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न देणार होता. आमचे स्पष्ट मत असे की, शक्य असेल तेथे जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने द्यावी, भाड्यात दर काही वर्षांनी वाढ लिहून घ्यावी, आणि जमल्यास भाडे विजेच्या उत्पन्नाशी जोडून घ्यावे. मनोऱ्याच्या पायाला जागा थोडी लागते. उरलेल्या जमिनीत पीक घेणे, गुरे चारणे चालू राहील असे करारात स्पष्ट असावे. अवजड पाती वाहून नेण्यासाठी काढलेला रस्ता कोणाच्या बांधावरून जातो आणि त्याची भरपाई काय, हेही कागदावर यावे. तोंडी आश्वासनावर बँक कर्ज देत नाही, तर आपण जमीन का द्यावी?

आपल्या समाजातील कुटुंबांनी आणखी एक गोष्ट तपासावी. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने खालसा झाल्या आणि ठरलेली रक्कम भरल्यावर त्या पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा नवीन शर्तीने देण्यात आल्या. अशा जमिनीच्या सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'नवीन अविभाज्य शर्त' असा शेरा असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांचे हस्तांतरण नियमबाह्य ठरते आणि पुढे जमीन सरकारजमा होण्याची भीती असते. तेव्हा एखादा मध्यस्थ इसार घेऊन घरी आला, तर सही करण्याआधी सातबारा आणि फेरफार उतारा वाचून घ्यावा, तलाठ्याकडे चौकशी करावी. वारसांची नावे लागलेली नसतील तर आधी लावून घ्यावीत. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या भावांची नावे सातबारावर असतात व गावातल्या भावाला ते माहीतही नसते, असे प्रकार आमच्या काउंटरवर आम्ही नेहमी पाहतो. आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, जे त्या माळावर फक्त शेळ्या चारतात किंवा सरपण गोळा करतात, त्यांच्यापर्यंत मोबदल्याचा कोणताही कागद पोहोचत नाही. याची दाद ग्रामसभेतच मागावी लागते, ती मागितली पाहिजे.

पवनचक्क्यांमुळे ढग पळून जातात व पाऊस पडत नाही, असा समज सातारा-सांगली भागात एके काळी फार पसरला होता. पाऊस आणणारी हवा अरबी समुद्रावरून कित्येक किलोमीटर जाडीच्या थराने येते. चक्कीची पाती त्या थराच्या अगदी तळाला स्पर्श करतात. शिवाय १९७२ च्या भीषण दुष्काळात सह्याद्रीच्या एकाही पठारावर वीज देणारी पवनचक्की नव्हती, आणि माण-खटाव तर त्याच्याही कितीतरी आधीपासून दुष्काळी आहेत. हा समज सोडून द्यावा.

मात्र निसर्गावर काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणेही खरे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावरच अभ्यास करून २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या चक्क्या नसलेल्या भागापेक्षा जवळजवळ चौपट कमी आढळली. पक्षी कमी झाल्याने त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनासे झाले. हा सरडा गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पंखा फुलवतो. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव 'सरडा' असेच आहे, आपल्या मराठी शब्दावरून ठेवलेले! चक्क्या नकोत असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. पठारे रिकामी असतात या समजुतीला मात्र या अभ्यासाने धक्का दिला आहे, आणि नवी जागा निवडताना ते ध्यानात घ्यावयास हवे.

हा विषय पुढील काही वर्षांत पुन्हा गावात येणार आहे. पवनचक्कीचे आयुष्य साधारण वीस ते पंचवीस वर्षे धरले जाते, आणि आपल्या पठारांवरील पुष्कळ यंत्रे त्या वयाला आली आहेत. सगळ्यांत चांगल्या जागांवर सगळ्यांत लहान आणि जुनी यंत्रे बसलेली आहेत. ती काढून तेथे थोडी पण मोठी यंत्रे बसवण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केले व २०२३ मध्ये सुधारले. चार-पाच जुन्या चक्क्यांच्या जागी एकच नवी उभी राहिली तरी वीज जास्त मिळेल. त्यासाठी नवे रस्ते लागतील, पायासाठी नवी जागा लागेल, जुनी पाती उचलून नेण्याची जबाबदारी कोणाची हे ठरवावे लागेल, कारण काचतंतूची पाती लोखंडासारखी भंगारात वितळवता येत नाहीत. आणि जेथे भाडेपट्ट्याची मुदत संपत असेल, तेथे मालकाशी नव्याने बोलावे लागेल. मुले आयटीआयला वीजतंत्री किंवा फिटर शिकत असतील, तर देखभालीच्या कामासाठी स्थानिक उमेदवार घ्यावेत ही अट याच बोलण्यात घालून घेता येते. अशा बैठकीला जाताना जुन्या कराराची प्रत, मोजणीचा नकाशा आणि चालू सातबारा हे तीन कागद बरोबर असावेत. मूळ प्रत घरी ठेवावी आणि झेरॉक्स न्यावी.